चार नंबरची टाकी

“येवढुसं पेतात, तेबी थुकून देतात, आन् गिलास मातर आख्खा धुवायचा आपुन,” नवसाबाई नळाखाली काचेचा पेला फिरवत पुटपुटली. तिला वाटलं कुणी ऐकलं नाही. पण टेस्टिंग रूमच्या मागची ती मोरी दोन बायका उभ्या राहिल्या की भरून जायची, आणि मोहिनी तिच्या कोपराला कोपर लावूनच धुतलेले पेले सुती फडक्यानं पुसत होती.

“ऐकलं मी,” मोहिनी म्हणाली.

“ऐकायसाठीच बोल्ले,” नवसाबाई म्हणाली, आणि दोघी हसल्या. नऊ वर्षं ह्या मोरीत दोघी अशा उभ्या राहत आल्या होत्या. पेल्यांना साबण लावायचा नाही, नुसतं कढत पाणी, हा मोहिनीचा नियम. साबणाचा वास काचेला धरून राहतो आणि मग माणसं वाइनमध्ये लिंबाचा वास आला म्हणून माना डोलावतात. एकदा खरंच डोलावल्या होत्या. मुंबईच्या कुठल्याशा मासिकात ते छापूनही आलं होतं, आणि मोहिनीनं ते कात्रण वहीत चिकटवून खाली तारीख आणि साबणाच्या वडीचं नाव लिहून ठेवलं होतं. “ताई, येक बोलू का?” नवसाबाईनं पाणी बंद केलं. पाणी बंद करून ती बोलते म्हणजे काय बोलणार हे मोहिनीला ठाऊक होतं, म्हणून तिनं पेला उजेडाकडं धरला आणि नसलेला डाग पुसायला घेतला. “सायबाचा राज आलाय म्हनं परदेशातून शिकून. नवी मानसं भरनार हाय. आमच्या मानसाचं, सहादूचं कायतरी बघा ना.” “कुठंय तो हल्ली?” “विंचूरला. कांद्याच्या गोन्या उचलतो मार्केटात. कामाचं नाय वो काय, काम हाय त्याला. पर घरी बी मव्हाच्या दारूची हंडी लावीत नाय तो आता. औंदा डोंगऱ्या देवाच्या सणाला सारा पाडा दारात आला. सहादू, मव्हाची तूच लाव म्हनले, तुझ्या बापाचा हात तुला हाय. नाय म्हनला. म्हनतो, माझा हात नासलाय. सायबाची येवढी टाकी नासवली, आता देवाच्या हंडीला कशाला हात लावू. त्या गोऱ्या सायबानं रिपोटात तसंच लिवलं व्हतं ना, याच्या हातानं नासली म्हनून. चार बुकं शिकलेला मानूस, तो खोटं कशाला लिवंल? पर आडीच वरीस झालं, ताई. येवढं काय.”

“बघते,” मोहिनी म्हणाली.

हे “बघते” किती वेळा म्हणून झालं होतं, ते तिला आठवायचं नव्हतं. तिनं पेला ट्रेमध्ये ठेवला. तेवढ्यात अर्ध्या दारापलीकडून राजची हाक आली, “मोहिनी मॅडम, या ना, तुमच्यासाठीच थांबलोय.” आणि तिच्या कपाळाची शीर तटतटली. मॅडम! हा शाळेत होता तेव्हा परीक्षा संपली की बापाबरोबर वायनरीवर यायचा आणि लॅबमध्ये तिच्या डब्यातली थालीपिठं संपवून “काकू, अजून आहे?” म्हणून विचारायचा. चार वर्षं बाहेर राहून आला तर काकूची मॅडम झाली. मॅडम म्हणताना माणसाला किती लांब उभं करता येतं! काकू म्हणून हाक मारली असती तर पाहुण्यांपुढं काकूला खुर्ची द्यावी लागली असती. मॅडम उभीच बरी.

टेस्टिंग रूममध्ये तिघं होते. यादवसाहेब खिडकीशी, नेहमीच्या पांढऱ्या शर्टात, मनगटावर लाल दोरा. थॉमसनची द्राक्षं परदेशी धाडता धाडता त्यांनी नव्याण्णव साली गिरणाऱ्याच्या ह्या माळावर वायनरी घातली, तेव्हा अख्ख्या तालुक्यानं त्यांना वेड्यात काढलं होतं. त्यांच्यासमोर मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलचे पाहुणे, हॉटेलात कुठली वाइन ठेवायची हे ठरवणारे, बारीक काड्यांचा चष्मा लावलेले. आणि राज, केसांची पाठीमागं लहानशी शेंडी बांधलेला, उभा, हातात एक बाटली धरून. बाटलीवर चित्र नव्हतं, सोनेरी अक्षरं नव्हती, नुसती हातानं काढल्यासारखी एक रेघ होती. “अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची आहे,” राज सांगत होता. “मी तिथं दोन सीझन काम केलं. बागेतून समुद्र दिसत नाही पण ऐकू येतो. रोज सकाळी धुकं बागेत शिरतं ते दुपारपर्यंत हलत नाही. इतकी थंडी की द्राक्ष पिकायला आपल्या दुप्पट वेळ घेतं. आणि ह्यात काहीही घातलेलं नाही. यीस्ट नाही, सल्फर नाही, गाळलेलीसुद्धा नाही. द्राक्षाच्या सालीवर जे असतं त्यावरच सगळं. नॅचरल.” तो शब्द त्यानं असा उच्चारला की जणू तो त्यानंच तिकडून विमानात मांडीवर घेऊन आणला होता.

त्यानं चौघांचे पेले भरले. मोहिनीनं आपला पेला देठाला धरून उचलला. रंग गढूळ. जांभळाचं पाणी हलवल्यावर होतं तसा, आत बारीक कण तरंगत असलेला. एरवी असा पेला तिच्यापुढं आला असता तर तिनं वहीत ‘गढूळ’ लिहून पुढची टाकी घेतली असती. तिनं पेला फिरवला, नाक आत घातलं. पहिला वास बंद खोलीचा, ओल्या गोणपाटाचा. तो एका श्वासात उडाला. खाली करवंद. पाटीत विकायला आलेलं नव्हे, जाळीतलं, देठाचा चीक अजून बोटाला लागतोय असं. मग आमसुलाचं पाणी. मग मातीच्या भांड्याची आतली बाजू. आणि मग त्याच्याही खाली, चुलीवर दूध उतू जायच्या आधी क्षणभर येतो तसा, नाव नसलेला एक ऊबदार वास, जो तिनं आयुष्यात एकाच ठिकाणी घेतला होता. चार नंबर. ही चार नंबरची टाकी होती.

तिनं घोट घेतला आणि तो तोंडात धरून ठेवला. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही, टेस्टिंगमधली ही एकच सोय तिला पहिल्यापासून आवडायची. चव जिभेच्या कडांवरून मागं गेली, आंबट, किंचित तुरट, शेवटाला मिठाची एक बारीक कड. मीठ तेवढं आपल्यात नव्हतं, तिनं न्यायानं मनात नोंदवलं. मीठ त्यांच्या समुद्राचं. बाकी सगळं आपलं होतं. सात समुद्रांपलीकडं कुठल्याशा धुक्यातल्या माणसांनी तिच्या टाकीची चव कशी काय उचलली? आणि मग उलटाच राग आला, त्यांनी कशाला उचलायला हवी, ती त्यांचीही होती, आपली आपल्या हातानं ओतून टाकणारे आपण. “वा!” हॉटेलचे पाहुणे डोळे मिटून म्हणाले. “काय ऑनेस्ट वाइन आहे! ही खोटं बोलतच नाही.” आणि चुळकन बादलीत थुंकले. मोहिनीच्या कानशिलात रक्त चढलं. यादवसाहेबांनी घोट गिळला आणि खिडकीबाहेर बघितलं. ते तिच्याकडं बघत नव्हते. एरवी प्रत्येक पेल्यानंतर ते आधी तिच्याकडं बघायचे, तिची भुवई वर गेली की ‘छान’ म्हणायचे, खाली आली की ‘जरा कमी पडतंय’ म्हणायचे, इतकी वर्षं त्यांचं सगळं वाइनचं शहाणपण तिच्या भुवईवर चाललं होतं. आज ते बाहेर, ड्रायव्हर गाडी पुसत होता त्याच्याकडं, अगदी मन लावून बघत होते. म्हणजे त्यांनाही कळलं होतं.

नाक तिचं शिकून आलेलं नव्हतं. बीएस्सीचं शेवटचं वर्ष राहिलं ते राहिलंच, लग्न झालं, आणि यादवसाहेबांच्या द्राक्षाच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये टायपिस्ट म्हणून लागली ती वायनरी झाल्यावर काचेच्या नळ्या धुवायला लॅबमध्ये आली. साहेबांनी बाहेरून एक जाड पुस्तक आणलं होतं, ते कुणी उघडत नव्हतं म्हणून तिनं उघडलं. त्यात सगळे वास ब्लॅकबेरीचे, कॅसिसचे, देवदाराच्या पेटीचे. ब्लॅकबेरी नाशकात कुणी पाहिलीय? ती डिक्शनरी घेऊन बसली, चित्रं पाहिली, मग रविवारी भद्रकालीच्या बाजारात जाऊन मसाल्यांच्या, सुकामेव्याच्या, जडीबुटीच्या दुकानांपुढं नाक खुपसून उभी राहिली. दुकानदारांना वाटायचं बाई घासाघीस करणार आहे. वहीत तिनं आपली पानं पाडली: करवंद, रानातलं तोरण, आळूचं फळ, जांभळाची बी, बिडीचं पान, भिजलेलं गोणपाट, कंदिलाची काच, देवघरातली वात विझल्यानंतरचा धूर. दिनेश, तिचा नवरा, हसायचा. तो अंबडला एका कारखान्यात फिटर होता, संध्याकाळी घरी आला की ती त्याच्या शर्टावरून आज लेथवर होतास की ग्राइंडिंगवर ते सांगायची. “बायको आहेस की पोलिसातलं कुत्रं,” तो म्हणायचा, आणि वाकून केसही हुंगून घेऊ द्यायचा. तेव्हा अंबड चालू होतं, दिवस बरे होते, आणि तिला वाटायचं की आपल्याला एक गोष्ट येते. आयुष्यात आपल्याला एक गोष्ट येते असं वाटायला लागलं की बाईचं चालणं बदलतं. तिचं बदललं होतं.

आणि सहादू. पेठकडचा, बुटका, बोलायला कमी, टाक्या धुवायला लागलेला. दोन हजार पाचच्या हंगामात महाशिवरात्रीला त्र्यंबकच्या गर्दीनं गिरणाऱ्याचा रस्ता तुंबला, गाड्या बंद, लोडशेडिंग चालू, जनरेटरनं सकाळीच मान टाकलेली. शिराजच्या द्राक्षांचा लगदा चार नंबरच्या टाकीत भरून ठेवलेला, आणि चिलर बंद. वायनरीवर एकटा सहादू, तोही उपाशी. दुसऱ्या दिवशी मोहिनी कशीबशी पोचली तेव्हा लगदा आपोआप फसफसून वर आलेला, सालींचा जाड थर फुगून टाकीच्या तोंडाशी टेकलेला. केएमएस नाही, ती पांढरी पावडर जी द्राक्षावरचे रानटी जंतू मारते. पाकिटातलं यीस्ट नाही. दोन्ही तिच्या कपाटात कुलपात. तिनं घाईघाईनं कपाट उघडलं, पावडर तोलली, आणि शिडीपाशी आली तर सहादू शिडीच्या पहिल्या पायरीवर आडवा बसलेला. “ताई, ती उठलीय,” तो म्हणाला. “कोण उठलीय?” “ही. आता तिच्यात काय टाकायचं नाय.” त्याच्या घरी मोहाची हंडी लावायचे. हंडी आपली आपण जागी झाली की तिच्यात कुणी काही घालायचं नाही, तिच्यापुढं मोठ्यानं बोलायचंसुद्धा नाही, अशी त्याच्या बापाची शिस्त. निजलेलीला जागं करायला औषध घालतात, जागी झालेलीला कशाला, असं त्याचं म्हणणं. मोहिनी चिडली. “अरे, ही काय तुझी हंडी आहे? दोन हजार लिटरची टाकी आहे ही, परदेशी जाणारी!” “कान लावून बघा,” तो म्हणाला. तिनं पोलादाला कान लावला. आत कुठंतरी खोल, भात रटरटतो तसा आवाज, एकसारखा, घाई नसलेला. पोलाद कोमट लागत होतं. तिनं कान तसाच ठेवला, किती वेळ कोण जाणे, आणि तोलून आणलेली पावडर परत बरणीत घातली. त्या दिवशीच्या टाकीच्या तक्त्यात केएमएसचा आणि यीस्टचा रकाना तिनं कोरा सोडला. तिनं सोडला. सहादूला तर लिहिताही येत नव्हतं.

त्यानंतर चौदा महिने ती रोज चार नंबरची चव घ्यायची. पहिले तीन महिने नाकाला झोंबायची, उर्मट पोरीसारखी. पावसाळ्यात गप्प झाली. दिवाळीच्या सुमारास एका सकाळी तिनं पेला नाकाशी नेला आणि तिला काही लिहिताच येईना. वहीत त्या तारखेला नुसतं ‘आहे’ असं लिहिलंय. तिनं सहादूला बोलावून पेला दिला, त्यानं एक घोट घेतला, जमिनीवर एक थेंब सोडला आणि म्हणाला, “निवली.” एवढंच. यादवसाहेबांना चाखवली तेव्हा ते खुर्चीवर बसले आणि पुन्हा मागितली. त्या दिवाळीला ते चार नंबरचे दोन कॅन घरी घेऊन गेले, व्याह्यांना पाजली, आणि पाडव्याला लॅबमध्ये येऊन म्हणाले, “ताई, हे काय केलंय तुम्ही लोकांनी? करवंदं पिल्यासारखं वाटतं.” तुम्ही लोकांनी! तेव्हा ‘लोकांत’ सहादू होता.

तोंडातला घोट कोमट व्हायला लागला होता. समोर राज बोलतच होता, मातीबद्दल, हस्तक्षेप न करण्याबद्दल, माणसानं मध्ये लुडबुड करायची नाही, द्राक्षाचं ऐकायचं. ऐकायचं म्हणे! पोरा, पोलादाला कान लावून ऐकणारा माणूस तुझ्या बापाकडं होता, आणि तो आज विंचूरला पाठीवर कांदे वाहतोय. हे तोंडातलं ह्यांच्या शर्टांवर उडवावं असं तिला वाटलं. त्या ऑनेस्टवाल्याच्या चष्म्यावर आधी. मग साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर, मनगटावरच्या दोऱ्यावर. कसे बसलेत बघा! चव ओळखली की नाही? ओळखली. मग बोला ना, साहेब. सांगा ना पोराला, की हे तुझ्या अमेरिकेच्या आधी आपल्या माळावर झालं होतं. की तो गोरा तज्ज्ञ आला, निर्यातीसाठी तुम्हीच बोलावलेला, त्यानं चार नंबरचा पेला नाकाशी नेला, गढूळपणाकडं बघितलं, तोंड वाकडं केलं आणि एक शब्द बोलला, आणि त्या एका शब्दावर तुम्ही तुमच्या दिवाळीच्या पाव्हण्यांचीसुद्धा जीभ विकलीत. तुम्ही तेव्हा म्हणाला नाहीत की मला आवडली होती. एक्साइजच्या साहेबांसमोर ओतली ती सगळी. नळ सोडला, पाइप खड्ड्यात. दीड तास वाहत होती. आठ दिवस त्या खड्ड्याभोवती मधमाश्या होत्या, इतक्या की लॅबची खिडकी लावून घ्यावी लागली. सहादू शेवटपर्यंत पाइप धरून उभा होता, कारण पाइप धरायचं काम त्याचंच होतं.

आणि मग इथवर येऊन तिचा राग नेहमी जिथं अडखळायचा तिथं अडखळला. अडीच वर्षं ती ह्या वाटेनं येत होती आणि ह्या वळणावर दुसरीकडं बघत होती, जसे आता साहेब ड्रायव्हरकडं बघत होते. गोरा माणूस संध्याकाळच्या विमानानं गेला. तो काही लिहून देऊन गेला नाही. त्याला चार नंबरची टाकी कुणी भरली हेही ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी साहेब लॅबमध्ये आले, उभ्या उभ्या म्हणाले, “ताई, खराब म्हणतायत ते. फाइलला एक रिपोर्ट लागेल. कारण काय लिहायचं ते तुम्ही बघा, तुम्हाला कळतं,” आणि निघून गेले. त्यांनी नाव घेतलं नाही. त्यांना तिनं कितीदा मनात उभं करून विचारलं असेल, पण खरंच, त्यांनी नाव घेतलं नव्हतं. त्या महिन्यात अंबडचा कारखाना बंद पडला होता. दिनेश दिवसभर बनियनवर घरात बसायचा, पेपरातलं शब्दकोडं सोडवायचा, आणि ती आली की चहा करून द्यायचा, इतक्या निमूटपणे की तिला तो चहा गिळवायचा नाही. घरात एकच काम उरलं होतं, तिचं. रिपोर्टचा कागद तिनं टाइपरायटरवर चढवला. टाकी क्रमांक चार. रंग गढूळ, हे खरं होतं. वास सदोष. इथं बोटं थांबली होती, तिला आठवतं. नाक तिचंच होतं ना, तेच नाक, वहीत ‘आहे’ लिहिणारं. मग कारण. कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडं होत्या, पावडर मी तोलली आणि मी परत ठेवली, असं लिहिता आलं असतं. तिनं लिहिलं, ‘कामगाराने केएमएस व यीस्ट वेळेवर न घातल्याने, निष्काळजीपणामुळे’. कामगार एवढाच शब्द. नाव तिनंही घेतलं नाही. सगळे किती सभ्य होते! टाकी ओतल्याच्या तिसऱ्या दिवशी सहादूला हिशेब दिला. तो लॅबच्या दाराशी आला, तिनं मान वर केली नाही, नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत राहिली. तो म्हणाला, “ताई, माझ्याच्यानं नासली व्हय वो?” विचारत होता तो. तिला विचारत होता, कारण कळायचं तिला. ती म्हणाली, “आता काय बोलायचं, सहादू.” दिवाळीला तिच्या टेबलावर नवी पाटी आली, क्वालिटी इन्चार्ज.

तिनं सगळ्यांवर राग धरला होता, गोऱ्यावर, साहेबांवर, लोडशेडिंगवर, दिनेशच्या चहावर, बंद पडलेल्या अंबडवर. रागाची इतकी मोठी मोळी की मधली एक काडी दिसू नये. आणि आज कुठल्याशा समुद्रावरून एक बाटली येते आणि सांगते की तुझं नाक बरोबर होतं. बरोबर होतं म्हणून आनंद व्हावा, तर तिथंच सगळं आलं. नाक चुकलं असतं तर ती चूक झाली असती. नाक बरोबर होतं म्हणजे ते काय होतं?

“पप्पा, आपण हे करायलाच पाहिजे,” राज म्हणत होता. “ह्या हंगामात एक टाकी सोडायची ह्यासाठी. फक्त माणूस बाहेरून आणावा लागेल. तिकडं माझा एक मित्र आहे, तो यायला तयार आहे. आपल्याकडच्या लोकांना हे झेपायचं नाही. ह्याला फार धीर लागतो, हात लागतो. इथं सांगितलेलंही धड करत नाहीत.”

“अगदी खरं,” पाहुणे म्हणाले. “लेबर म्हणजे लेबर.”

नवसाबाई स्वच्छ पेल्यांचा ट्रे घेऊन आत आली होती. तिनं ट्रे ठेवला, वापरलेले पेले गोळा करायला लागली. बोलणं तिच्या डोक्यावरून चाललं होतं, ती खोलीत नसल्यासारखं, आणि तिलाही त्याची सवय होती. यादवसाहेब घसा खाकरून म्हणाले, “बघू. आणू की माणूस,” आणि पुन्हा गाडीकडं बघायला लागले. त्यांचा पेला रिकामा होता. थुंकले नव्हते ते, एकदाही.

“मॅडम, तुम्ही काहीच बोलला नाहीत,” राज हसून म्हणाला. “बादलीसुद्धा घेतली नाहीत. आवडली की नाही?”

मोहिनीनं घोट गिळला. आमसूल, करवंद, मीठ, सगळं खाली उतरलं. “आवडली,” ती म्हणाली. “आपण केली होती ही.”

“म्हणजे?”

“ताई,” यादवसाहेब हळू म्हणाले, “पाहुणे बसलेत.”

“बसू देत. ऑनेस्ट माणसं आहेत, ऐकतील.” तिचा आवाज चढला, आणि चढलेला तिला बरा वाटला, अडीच वर्षांचा राग होता तो, चांगला मुरलेला. “पाच साली केली होती, चार नंबरच्या टाकीत. यीस्ट नाही, सल्फर नाही, काही नाही. तुमच्या मित्राला विमानानं कशाला आणता? ती करणारा माणूस विंचूरला आहे. सहादू.”

“कोण सहादू?” राजनं विचारलं.

“माझा मानूस,” नवसाबाई म्हणाली. हातातले पेले तसेच धरून ती उभी राहिली. “टाक्या धुवायचा तो. जाऊ द्या ना ताई, कशाला.”

“मोहिनीताई,” यादवसाहेब आता तिच्याकडं वळले. खूप दिवसांनी त्यांनी तिच्याकडं सरळ बघितलं. रागावलेले नव्हते. समजावत होते, जवळजवळ विनवत होते, दोघांनी मिळून इतके दिवस जपलेली एखादी काचेची वस्तू तिनं हातातून सोडू नये म्हणून. “ती वाइन खराब झाली होती. रिपोर्ट आहे फाइलला. तुम्हाला माहीतच आहे.”

तिला माहीतच होतं. तुम्ही दोन कॅन नेले होते साहेब, हे वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं, अडीच वर्षं घासूनपुसून ठेवलेलं. तज्ज्ञाला तुम्ही आणलंत. कारण काय लिहायचं ते तुम्ही माझ्यावर टाकलंत. सगळं खरं होतं आणि त्यातलं काहीही नवसाबाईच्या कामाचं नव्हतं. नवसाबाई तिच्याकडं बघत होती, फार अपेक्षा नसलेल्या नजरेनं, पाच बोटांत पाच पेल्यांचे देठ अडकवून. साहेबांना सुनावायला ते एक वाक्य पुरलं असतं, आणि उद्या मोरीत दोघींना हसायलाही पुरलं असतं. नोकरीचं काय होईल, ते तिनं एकदा मोजून बघितलं. दिनेशला अजून धड काम नव्हतं. मग मोजायचं सोडलं. ती साहेबांकडं पाठ करून नवसाबाईकडं वळली.

“तो रिपोर्ट गोऱ्या साहेबानं लिहिला नव्हता, नवसा,” ती म्हणाली. “मी लिहिला. पावडर टाकायची नाही असं मीच ठरवलं होतं त्या दिवशी, आणि नंतर सहादूवर ढकललं. वाइन चांगली होती. मला तेव्हाच ठाऊक होतं. सहादूनं काहीही नासवलं नाही.”